डेन्मार्कचे सिंहासन अखंड नव्हते, म्हणूनच टिकले

१४ जानेवारी २०२४ रोजी डेन्मार्कच्या राणी मार्ग्रेटे दुसऱ्या यांनी बावन्न वर्षांच्या कारकिर्दीनंतर सिंहासन सोडले आणि त्यांचे पुत्र फ्रेडरिक दहावे राजे झाले. डेन्मार्कमध्ये राजाने आपणहून गादी सोडण्याची ही जवळजवळ नऊशे वर्षांतली पहिलीच वेळ. याआधी ११४६ मध्ये एरिक लाम या राजाने मुकुट उतरवून ओडेन्सेच्या मठाची वाट धरली होती. या निमित्ताने युरोपातला एक जुना वाद पुन्हा पेटला. राजेशाहीचे समर्थक म्हणाले, दहाव्या शतकातल्या गोर्मपासून फ्रेडरिकपर्यंत हजार वर्षांहून अधिक काळ अखंड चालत आलेला हा वारसा आहे, त्याला हात लावण्याचा अधिकार आजच्या एखाद्या पिढीला नाही. विरोधक म्हणाले, जन्मावरून पद ठरवणारी ही मध्ययुगातली अडगळ आहे, ती एकदाची काढून टाका.

दोन्ही बाजूंनी एकच चुकीची गोष्ट धरून चालले आहे. मध्ययुगीन डेन्मार्कमध्ये सिंहासन रक्ताने मिळत होते, बापाकडून मुलाकडे आपोआप जात होते, हे दोघांनाही मान्य आहे. फक्त एकाला त्याचा अभिमान आहे आणि दुसऱ्याला संताप. इतिहास मात्र याच्या उलट साक्ष देतो. डेन्मार्कचा राजा १६६० पर्यंत निवडला जात होता. त्याला अटी मान्य कराव्या लागत, अटी मोडल्यास हाकलले जाई. ही गादी वारंवार तुटली आणि दर वेळी कोणाच्या तरी संमतीने, काहीतरी ठरवून सांधली गेली. माझे म्हणणे असे की, ही संस्था टिकली याचे कारण या सांध्यांत आहे. रक्तात ते शोधणाऱ्याच्या हाती फारसे लागत नाही.

रक्ताच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा आधी प्रामाणिकपणे मांडायला हवा. फ्रेडरिक दहावे हे गोर्मचे वंशज आहेत हे खरे आहे. स्त्रियांच्या बाजूने दुवे जोडत गेले तर वंशावळ सलग लागते. निवडणूक म्हणजे कोणीही उठून राजा व्हावे असेही नव्हते. बहुतेक वेळा राजघराण्याशी नाते असलेल्यांतूनच माणूस निवडला जाई. १४४८ मध्ये ओल्डेनबुर्गचा क्रिस्टियन पहिला गादीवर आला, तोही आईच्या बाजूने तेराव्या शतकातल्या एरिक क्लिपिंग राजाचा वंशज होता. हा दुवा समर्थक आवर्जून सांगतात. पण त्याच वंशावळीत आणखी एक नाव आहे, ते सहसा उच्चारले जात नाही. उत्तर जर्मनीतल्या होल्स्टाइनचा काउंट गेरहार्ड, ज्याने चौदाव्या शतकात डेन्मार्कचा मोठा भाग गहाण म्हणून ताब्यात घेतला होता आणि ज्याला १ एप्रिल १३४० रोजी रँडर्स गावात नील्स एबेसनने ठार मारले, तो या क्रिस्टियनचा खापरपणजोबा. नील्स एबेसन डॅनिश लोकांचा वीर आणि गेरहार्ड त्यांचा शत्रू. तरीही शंभर वर्षांनी त्यांनी गेरहार्डच्याच वंशजाला राजा केले. रक्तच निर्णायक असते, तर कोणत्या रक्ताकडे पाहायचे होते, क्लिपिंगच्या की गेरहार्डच्या? क्रिस्टियन राजा झाला, कारण राज्यमंडळाने, म्हणजे सरदार आणि धर्माधिकाऱ्यांच्या मंडळाने, त्याला निवडले. त्याचा मामा, होल्स्टाइनचा अडॉल्फ, याच्याकडे आधी विचारणा झाली होती. त्याने नकार देऊन भाच्याचे नाव पुढे केले. शिवाय इतक्या पिढ्यांनंतर स्त्रीवंशाने गोर्मशी नाते लावता येतील अशी माणसे युरोपात अगणित आहेत. त्यांतले बहुतेक कोणत्याही सिंहासनावर बसलेले नाहीत.

आता हे ‘अखंड’ म्हणजे नेमके काय ते पाहू. येलिंगच्या प्रसिद्ध शिलालेखात गोर्मचा मुलगा हाराल्ड ब्लूटूथ (आपल्या फोनमधल्या ब्लूटूथला नाव मिळाले ते याच्यावरून) सांगतो की, हा स्मारकदगड आपण बाप गोर्म आणि आई थ्यूरा यांच्यासाठी उभारला. आपण सगळे डेन्मार्क आणि नॉर्वे जिंकले आणि डॅनिश लोकांना ख्रिस्ती केले. त्या दगडापुढे आज लोक वारशाच्या भावनेने उभे राहतात, आणि तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण याच हाराल्डला ९८० च्या दशकात त्याचा मुलगा स्वेन याने बंड करून हुसकावून लावले. स्वेनचा मुलगा क्नूट इंग्लंड, डेन्मार्क आणि नॉर्वे या तिन्ही देशांचा राजा झाला. त्याचा मुलगा हार्थाक्नूट १०४२ मध्ये निपुत्रिक वारला आणि डेन्मार्कचे सिंहासन एका कराराप्रमाणे नॉर्वेचा राजा मॅग्नस याच्याकडे गेले. गोर्मनंतर शंभर वर्षेही उलटली नव्हती आणि पुरुषवंश गादीवरून संपलासुद्धा. पुढे १०४७ मध्ये आलेला स्वेन एस्ट्रिडसन आईच्या नावाने ओळखला जातो, कारण त्याचा दावाच आईकडून, क्नूटची बहीण एस्ट्रिड हिच्याकडून, आलेला होता.

त्यानंतरची यादी रक्तानेच माखलेली आहे, पण वेगळ्या अर्थाने. १०८६ मध्ये क्नूट चौथ्याला जादा मागण्यांनी चिडलेल्या लोकांनी ओडेन्सेच्या चर्चमध्ये मारले. ११५७ मध्ये तीन नातेवाइकांनी राज्य वाटून घेतले आणि काही दिवसांतच रोस्किल्डच्या मेजवानीत एकाचा खून झाला. १२५० मध्ये एरिक चौथ्याला भाऊ आबेलच्या माणसांनी संपवले, आबेल दोन वर्षांत लढाईत पडला. जो वंश गादी इतक्या सहज देत असल्याचे सांगितले जाते, त्याच्या आतच गादीसाठी इतकी कत्तल का व्हावी? आणि वाल्डेमार पहिल्याला ११७० मध्ये रिंगस्टेड येथे आपल्या सात वर्षांच्या मुलाला सहराजा म्हणून मुकुट का घालावा लागला, त्याच समारंभात आपल्या मारल्या गेलेल्या पित्याला संत म्हणून का प्रतिष्ठित करावे लागले? वारसा पक्का असता तर या खटाटोपाची गरज पडली नसती. आपल्या मागे मुलालाच निवडतील याची त्या बलाढ्य राजालाही खात्री नव्हती.

मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग इथून पुढे दिसतो. १२४१ मध्ये वाल्डेमार दुसऱ्याने जटलंडचा (डेन्मार्कच्या मुख्य द्वीपकल्पाचा) कायदा दिला. त्याच्या प्रस्तावनेचे पहिले वाक्य डेन्मार्कमध्ये आजही सर्वांना ठाऊक आहे: कायद्याने देश उभारावा. पण त्याच प्रस्तावनेत आणखी एक वाक्य आहे आणि ते जास्त धारदार आहे. राजा जो कायदा देतो आणि देश जो स्वीकारतो, तो राजाला देशाच्या इच्छेवाचून बदलता किंवा रद्द करता येणार नाही, मग तो उघडउघड देवाविरुद्ध असेल तरच गोष्ट वेगळी. म्हणजे कायद्याला दोन हात लागतात, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. चाळीस वर्षांनी, २९ जुलै १२८२ रोजी, न्यूबोर येथे एरिक क्लिपिंगला सरदार आणि धर्माधिकाऱ्यांपुढे लेखी सनद द्यावी लागली. दरवर्षी राज्याची सभा भरवावी लागेल, कायद्याप्रमाणे दोषी ठरल्याशिवाय कोणालाही कैदेत टाकता येणार नाही, अशी बंधने तिच्यात होती. चार वर्षांनी क्लिपिंगचा फिनरप येथे खून झाला, पण सनदेची प्रथा मेली नाही. १३२० पासून १६४८ पर्यंत गादीवर येणाऱ्या बहुतेक राजांना निवडीच्या वेळी अशी सनद द्यावी लागली. इंग्लंडची १२१५ची मॅग्ना कार्टा शाळेच्या पुस्तकांतून जगभर पोहोचली, हंगेरीचे १२२२चे सुवर्णपत्रही अनेकांना माहीत असते. डेन्मार्कची ही साडेतीनशे वर्षांची सनदांची मालिका मात्र खुद्द डॅनिश राजेशाहीच्या गौरवगाथेतही तळटीपेपुरती उरते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

यावर पहिला गंभीर आक्षेप असा: अटींनी बांधलेला, निवडून आणलेला राजा दुबळा होतो आणि दुबळा राजा म्हणजे देशाचा विनाश. पुरावा म्हणून चौदावे शतक दाखवले जाते आणि तो पुरावा लहान नाही. १३२० मध्ये क्रिस्टोफर दुसऱ्याने गादीसाठी कर रद्द करण्याची आणि बरेच काही देण्याची कबुली दिली. ती पाळता येण्यासारखी नव्हती, त्याने ती पाळलीही नाही. १३२६ मध्ये त्याला हाकलले, काही वर्षांनी परत आणले, तोवर राज्याचे तुकडे होल्स्टाइनच्या काउंटांकडे गहाण पडलेले होते. १३३२ मध्ये तो मेला आणि आठ वर्षे डेन्मार्कला राजाच नव्हता. स्कॉने प्रांत (आजच्या स्वीडनचे दक्षिण टोक) स्वीडनच्या राजाने विकत घेतला. शेजारच्या पोलंडचे उदाहरणही याच ओळीत येते: १५७२ नंतर निवडलेले राजे, सभेतल्या एकट्या सरदाराच्या नकारानेही ठराव बारगळण्याची प्रथा आणि शेवटी अठराव्या शतकात शेजाऱ्यांनी केलेली देशाची फाळणी.

पण कारण आणि परिणाम यांची गल्लत होऊ नये. डेन्मार्कची तिजोरी सनदेने रिकामी केली नव्हती. क्रिस्टोफरचा भाऊ एरिक मेनवेद याने उत्तर जर्मनीतल्या मोहिमांसाठी प्रांतामागून प्रांत गहाण टाकले होते. १३२०ची सनद ही त्या उधळपट्टीनंतरची, उशिरा आणि अतिरेकाने आलेली प्रतिक्रिया होती. सावरले ते कसे? १३४० मध्ये आलेल्या वाल्डेमार चौथ्याने तुकड्यातुकड्याने राज्य सोडवले. पत्नीच्या हुंड्यातून उत्तर जटलंडचा एक भाग, १३४६ मध्ये एस्टोनिया विकून आलेला पैसा, नवे कर, लढाया, सगळे त्याने वापरले. तो कठोर माणूस होता, त्याच्याविरुद्ध जटलंडमध्ये उठाव झाले. आणि १३६० मध्ये कालुंडबोर्ग येथे त्याला पुन्हा लोकांशी लेखी समेट करावा लागला, त्यात दोन्ही बाजूंची कर्तव्ये नोंदवली गेली. करार टाळून त्याला राज्य उभे करता आले नाही. पोलंडबद्दल एवढेच म्हणेन की, तिथे दोष निवडीपेक्षा एकट्याच्या नकाराधिकाराचा होता; डॅनिश राज्यमंडळात तसा अधिकार नव्हता. आणि रक्ताच्या वारशाने शांतता मिळते म्हणणाऱ्यांनी फ्रान्सकडे पाहावे. १३२८ मध्ये तिथे कापेत घराण्याची थेट पुरुषशाखा संपली आणि वारस कोण या भांडणाने शंभर वर्षांच्या युद्धाला तोंड फोडायला मदत केली.

वाल्डेमार चौथा १३७५ मध्ये मुलगा मागे न ठेवता वारला, तो क्षण या सगळ्या वादाची कसोटी आहे. थोरल्या मुलीचा मुलगा मेक्लेनबुर्गचा आल्ब्रेख्त. जन्मक्रम लावला तर दावा त्याचा. पवित्र रोमन सम्राटाचा पाठिंबाही त्यालाच. डॅनिश राज्यमंडळाने १३७६ मध्ये धाकटी मुलगी मार्ग्रेटे हिच्या पाच वर्षांच्या मुलाला, ओलुफला, निवडले. जर्मन राजपुत्राच्या हाती देश जाऊ नये हा त्यामागचा हेतू होता. १३८७ मध्ये ओलुफ अवघ्या सतराव्या वर्षी वारला. तेव्हा त्याच्या आईलाच राज्याची सर्वाधिकारी स्वामिनी म्हणून लुंड येथे मान्यता दिली गेली. त्या काळच्या युरोपात कोणत्या वारसानियमाने हे घडले असते? बाई स्वतःच्या मुलाची वारस होत नाही. निवडीची प्रथा होती, म्हणून उत्तर युरोपातली सर्वांत कर्तबगार राज्यकर्ती गादीजवळ पोहोचू शकली. पुढच्या वर्षी नॉर्वेने आणि १३८९ मधल्या विजयानंतर स्वीडननेही तिला मानले.

मार्ग्रेटे अटींची चाहती नव्हती, हे कबूल करायला हवे. १३९७ मध्ये काल्मार येथे तिच्या बहिणीचा नातू एरिक याला तिन्ही राज्यांचा मुकुट घातला गेला, त्या वेळची दोन पत्रे आपल्यापर्यंत आली आहेत. राज्याभिषेकाचे पत्र चर्मपत्रावर, सदुसष्ट जणांच्या मोहरांनिशी. तिन्ही राज्यांनी एकमेकांशी कसे वागावे हे सांगणारे पत्र साध्या कागदावर, त्यात नावे सतरा आणि मोहरा दहाच. तिला मुकुट हवा होता, अटी नकोत, असा निष्कर्ष अनेक अभ्यासकांनी काढला आहे आणि मला तो पटतो. पण परिणाम पाहा. एरिकने स्वीडनमध्ये परके अंमलदार बसवले, युद्धांसाठी कर वाढवले, १४३४ मध्ये एंगेलब्रेख्तच्या नेतृत्वाखाली खाणकामगार आणि शेतकरी उठले आणि १४३९ मध्ये डेन्मार्क व स्वीडनने एरिकला पदच्युत केले. जिथे करार कच्चा ठेवला, तिथेच संघराज्य उसवले.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो, कारण तो न्यायाच्या बाजूने येतो. या सनदा कोणाच्या होत्या? सरदारांच्या. शेतकऱ्याला त्यांतून काय मिळाले? पंधराव्या-सोळाव्या शतकात सनदांनी सरदारांचे विशेषाधिकारच पक्के केले आणि शेलंड (कोपनहेगन ज्यावर आहे ते बेट) इथल्या शेतकऱ्यांची जमिनीशी बांधलेली गुलामी तशीच राहिली. उलट क्रिस्टियन दुसरा, ज्याला १५२३ मध्ये सरदारांनी हाकलले, त्याने १५२१-२२च्या कायद्यांत ख्रिस्ती माणसांना मुक्या जनावरांसारखे विकण्यावर बंदी घातली होती. तो गेल्यावर व्हिबोर्ग येथे ते कायदे जाळण्यात आले. निवड आणि सनद म्हणजे श्रीमंतांनी राजाचे हात बांधून गरिबांना लुटण्याची सोय, असे कोणी म्हटले तर ते हसण्यावारी नेता येणार नाही. त्या राखेत खरोखरच एक चांगली गोष्ट जळाली.

तरी मी या युक्तिवादाशी सहमत नाही. क्रिस्टियन दुसऱ्याने ज्या हातांनी हे कायदे दिले, त्याच हातांनी नोव्हेंबर १५२० मध्ये स्टॉकहोममध्ये अभयाचे वचन मोडून ऐंशीहून अधिक माणसांची मुंडकी उडवली. चांगला कायदाही त्याच्या मर्जीवर उभा होता आणि कत्तलही त्याच्या मर्जीवर. मर्जी गेली तसा कायदा गेला. करारात कोण सहभागी आहे हा एक प्रश्न, आणि राजाला करार लागतो की नाही हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मध्ययुगात अन्यायाचे होते. त्यावरचा उपाय म्हणजे सहभागी वाढवणे. करारच नष्ट करणे नव्हे. मॅग्ना कार्टादेखील सरदारांनीच मिळवली होती. पुढच्या शतकांत इतरांनी तिच्यात आपली जागा मागितली, कारण मागण्यासाठी ती होती.

डेन्मार्कने उलटा प्रयोगही करून पाहिला. स्वीडनशी झालेल्या विनाशकारी युद्धानंतर १६६० मध्ये कोपनहेगनच्या सभेत नागरिक आणि धर्मगुरू सरदारांवर इतके चिडलेले होते की त्यांनी राजाला वंशपरंपरागत सत्ता देऊ केली. शहराचे दरवाजे बंद होते, सैन्य सज्ज होते. राजाची जुनी सनद रद्द करून परत दिली गेली. १६६५च्या राजकायद्याने त्याला फक्त देवाला जबाबदार ठरवले. युरोपात निरंकुश सत्ता इतकी स्पष्ट लिहून काढणारा दुसरा कायदा नाही. आणि एवढे करूनही १६६१ मध्ये त्या सत्तेच्या दस्तऐवजावर सरदार, धर्मगुरू आणि नागरिकांच्या सह्या गोळा कराव्याच लागल्या. म्हणजे ज्या वंशपरंपरेला लोक हजार वर्षांची म्हणतात, ती कायद्याने चारशे वर्षांचीही नाही. शेतकऱ्याचे तरी भले झाले का? १७३३ मध्ये याच निरंकुश सत्तेने तरुण पुरुषांना जन्मगावच्या जहागिरीशी बांधून ठेवणारा हुकूम काढला. १७८८ मध्ये तो टप्प्याटप्प्याने उठवण्याचा निर्णय त्याच सत्तेने घेतला, याचे श्रेय तिला द्यायलाच हवे. पण मधली पंचावन्न वर्षे ज्यांची गेली, त्यांना दाद मागायला जागा कुठे होती?

१८४९च्या राज्यघटनेनंतर तर हा धागा उघडच दिसतो. फ्रेडरिक सातव्याला मूल नव्हते. त्याच्यानंतर कोण, हे १८५२ मध्ये लंडनमध्ये युरोपातल्या बड्या सत्तांच्या करारात ठरले आणि १८५३ मध्ये डॅनिश संसदेच्या संमतीने कायद्यात आले. त्याप्रमाणे १८६३ मध्ये ग्लुक्सबुर्ग शाखेचा क्रिस्टियन नववा राजा झाला, आजचे राजघराणे त्याचेच. त्याचा नातू कार्ल याला १९०५ मध्ये नॉर्वेने मुकुट देऊ केला, तेव्हा त्याने आधी सार्वमत घ्या असा आग्रह धरला. बहुमताचा कौल मिळाल्यावरच तो होकून सातवा म्हणून गेला. कार्लचा सख्खा भाऊ क्रिस्टियन दहावा हा धडा विसरला. १९२० मध्ये सीमेच्या प्रश्नावरून त्याने बहुमताची पर्वा न करता सरकार बडतर्फ केले. सार्वत्रिक संपाची तयारी झाली आणि आठवड्याभरात त्याला माघार घ्यावी लागली. त्यानंतर डॅनिश राजाने तसे धाडस केलेले नाही.

आणि ज्यांच्या निवृत्तीवरून हा सगळा वाद पेटला, त्या मार्ग्रेटे दुसऱ्या? जुन्या वारसाकायद्याप्रमाणे त्यांना गादी मिळणारच नव्हती, वारस त्यांचे काका क्नूट होते. २८ मे १९५३ च्या सार्वमताने नवी घटना आणि मुलींना वारसा देणारा कायदा स्वीकारला. एकूण मतदारांपैकी किमान ४५ टक्क्यांचा होकार लागत होता, तो जेमतेम मिळाला. २००९ मध्ये आणखी एका सार्वमताने मुलगा-मुलगी हा भेदही काढून टाकला. बावन्न वर्षे राज्य केलेली राणी मतपेटीतून गादीपर्यंत पोहोचली होती आणि तिला गोर्मच्या रक्ताची पुण्याई म्हणणे हा त्या मतदारांवर अन्याय आहे.

म्हणून समर्थकांना माझे सांगणे आहे की, प्राचीनतेचा दाखला पुढे करून लोकांना गप्प करू नका. ज्या पूर्वजांची नावे तुम्ही घेता, त्यांनी तीन राजे पदच्युत केले होते. विरोधकांनाही सांगणे आहे की, जन्माच्या अन्यायाकडे बोट दाखवून काम भागणार नाही, कारण समोरची संस्था लोकांनी वारंवार तपासून ठेवलेली आहे. ती नको असेल तर आजचा राजा आज काय करतो, त्याच्यावर किती खर्च होतो, त्याच्याऐवजी राष्ट्राध्यक्ष आला तर कारभारात काय सुधारेल, हे बोला. बदलाची वाट खुली आहे. घटनेच्या ८८व्या कलमाप्रमाणे दुरुस्ती संसदेत मंजूर व्हावी लागते, मग निवडणूक, नव्या संसदेत पुन्हा मंजुरी, आणि शेवटी सार्वमतात बहुमतासह एकूण मतदारांच्या किमान ४० टक्क्यांचा होकार. एक बाजू या वाटेने जाऊन सिंहासन काढू शकते, दुसरी तिथेच उभी राहून ते राखू शकते. गोर्मच्या दगडाला या मोजणीत मत नाही.